पेट्रोल गाडीचे इंजेक्टर घरी बदलताना

इंजेक्टर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल फवारून देणारा भाग, बदलायला बसण्याआधी तो खरोखर खराब आहे का, हे शोधण्यात एक संध्याकाळ घालवा. पहिल्या वेळी मी ती घालवली नव्हती. गाडी आयडलिंगला थरथरत होती, पिकअप गेला होता आणि ‘नोझल चोक झालंय’ असं कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी इंजेक्टर ज्यात बसतात ती रेल उतरवली, चारही इंजेक्टर नवे घातले, सेल्फ मारला. थरथर जशीच्या तशी. दोष निघाला तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागात. ती एका बोल्टवर बसलेली असते आणि पाच मिनिटांत निघते.

म्हणून या लेखाचा बराच भाग पाना हातात घेण्याआधीचा आहे. बदलण्याचं काम तसं पाहिलं तर मोजक्या बोल्टांचं आणि कपलरांचं (वायरच्या टोकाचे प्लास्टिकचे जोड). गाडं अडतं ते निदानात किंवा मग शेवटी गळती अडवणाऱ्या त्या इवल्याशा रबरी ओ-रिंगपाशी.

कोणत्या गाडीला हात लावायचा

इथे लिहिलेलं सगळं एमपीएफआय पद्धतीच्या पेट्रोल इंजिनासाठी आहे. यात इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डवर बसतो आणि पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर फवारतो. बॉनेट उघडून पाहिलं की मॅनिफोल्डला समांतर जाणारी एक नळी आणि तिच्याखाली ओळीने बसलेले इंजेक्टर दिसतात. ती नळी म्हणजे फ्युएल रेल. तिच्यात साधारण ३ ते ४ बार दाब असतो. काळजी घेतली तर हा दाब घरी हाताळता येतो.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या जीडीआय इंजिनात हाच आकडा ५० बारपासून २०० बारच्याही पुढे जातो. त्या इंजेक्टरच्या टोकाला टेफ्लॉनची सील असते, ती चढवायला आणि नंतर दाबून मापात आणायला वेगळं हत्यार लागतं. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्या पलीकडे जातो. तिथे इंजेक्टर नुसता बदलून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत त्याच्या अंगावरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, भरावा लागतो. एवढ्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र इंधन पसरलेलं असतं आणि अशा जखमेवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. या दोन्ही प्रकारांच्या गाड्या सरळ गॅरेजला न्या. मीही नेतो.

इंजेक्टर आत काय करतो

हे समजलं की तपासणी आपोआप सुचते. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा एक झडप-नळ. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक स्प्रिंग आणि एक सुई. चावी ऑन केली की एका पिनेला बॅटरीचा १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो. दुसरी पिन ईसीयूकडे जाते आणि तो ती क्षणभर अर्थला जोडतो. तेवढ्या वेळात सुई केसभर उचलली जाते आणि पेट्रोल फवारलं जातं. आयडलिंगला हा वेळ दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो.

यावरून खराब होण्याच्या तऱ्हाही कळतात. वेटोळं तुटतं किंवा शॉर्ट होतं. सुई किंवा छिद्रं मळाने भरतात आणि फवाऱ्याऐवजी पिचकारी पडते. सुई नीट बसत नाही आणि इंजिन बंद असतानाही थेंब गळत राहतात. चौथी तऱ्हा ओ-रिंग कडक होण्याची. त्यात इंजेक्टर ठणठणीत असतो, गळती त्याच्या कडेने होते आणि बदलायची असते फक्त रिंग.

आधी गुन्हा सिद्ध करा

ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोष दाखवणारं यंत्र, लावून कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे तिथे पेट्रोल नीट न जळणं. ते कोणत्या कारणाने होतंय हे कोड सांगत नाही. पी०२०१ ते पी०२०४ हे मात्र इंजेक्टरच्या वायरिंगविषयी असतात. तेव्हाही इंजेक्टरला लगेच दोष देऊ नका. कपलरमधली पिन गंजलेली असते, वायर उंदराने कुरतडलेली असते, कपलरचं लॉक तुटून तो अर्धवट बसलेला असतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. या दोघांची कारणं डझनभर आहेत, इंजेक्टर त्यातलं एक.

एका सिलिंडरचं मिसिंग असेल तर अदलाबदलीसारखी स्वस्त आणि खात्रीची परीक्षा नाही. समजा कोड दुसऱ्या सिलिंडरचा आहे. त्याची कॉइल चौथ्यावर लावा, चौथ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०४ आला तर कॉइल गेली. पी०३०२ कायम राहिला तर हेच स्पार्क प्लगबाबत करा. दोन्ही निर्दोष ठरले की इंजेक्टरकडे वळा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजायची सोय असेल तर तेही मोजून घ्या, कारण जळालेला व्हॉल्व्हसुद्धा अगदी असंच मिसिंग करतो.

आता कान लावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, केस, कपडे लांब ठेवून. टकटक स्पष्ट ऐकू यायला हवी. चारपैकी तीन टकटकतात आणि एक मुका किंवा मंद आहे, तर संशयित सापडला.

इंजिन आयडलिंगला असताना एकेका इंजेक्टरचा कपलर काढून पाहता येतो. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन दबतं, थरथरतं. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हा प्रयोग कॉइलचे कपलर काढून करणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. ठिणगी बंद आणि पेट्रोल चालू राहिलं की न जळालेलं पेट्रोल थेट धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून निकामी होऊ शकतो. इंजेक्टरचा कपलर काढला तर पेट्रोलच बंद होतं, म्हणून ही रीत सौम्य.

मग मल्टिमीटर. इंजिन गार असताना कपलर काढून इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत तो १२ ते १६ ओहम असतो. काही जुन्या गाड्यांत २-३ ओहमचे इंजेक्टर असतात, त्यांची जातच वेगळी. आकड्यापेक्षा चौघांची एकमेकांशी तुलना जास्त सांगून जाते. तिघे १४ आणि एक ९ दाखवत असेल, किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर निकाल लागला. सोबत चावी ऑन करून कपलरच्या एका पिनेवर बॅटरीचा व्होल्टेज येतो का तेही पाहा. काही गाड्यांत तो पंपाच्या रिलेसोबत (रिले म्हणजे विजेवर चालणारं स्विच) मोजके सेकंदच येतो. एकाही इंजेक्टरच्या कपलरवर येत नसेल तर फ्युज आणि रिले शोधा.

गळका इंजेक्टर मीटरवर सापडत नाही. त्याची लक्षणं वेगळी: गरम इंजिन अर्धा तास बंद ठेवून पुन्हा सुरू करताना लांब सेल्फ मारावा लागणं, सुरू होताच काळा धूर, एका सिलिंडरचा प्लग काजळीने काळा. डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल, तर ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलेलं आहे. ही बाब पुढे पुन्हा येणार आहे.

साफ करायचा की बदलायचा

वेटोळं गेलेलं असेल तर प्रश्नच नाही, बदला. रेझिस्टन्स ठीक आहे आणि फवारा बिघडलाय असं वाटत असेल, तर इंजेक्टर काढून अल्ट्रासोनिक मशीनवर साफ करून घ्या आणि बेंचवर चौघांचा फवारा व प्रवाह शेजारी शेजारी पाहा. तिथे जे दिसतं ते कोणत्याही अंदाजापेक्षा खरं. टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल माझं मत साधं आहे: हलक्या मळावर थोडाफार उपयोग होतो, सुई गळत असेल किंवा वेटोळं तुटलं असेल तर शून्य.

एकच बदलायचा की चारही? विजेचा दोष एकात असेल तर मी एकच बदलतो आणि बाकीचे साफ करून नव्या ओ-रिंगांसह परत घालतो. मळ किंवा गळती असेल आणि गाडी बरीच चाललेली असेल तर चारही. एकच टाकी, एकच फिल्टर, तेच पेट्रोल प्यायलेले चौघे भाऊ. एक आजारी पडला की बाकीचे रांगेत असतात.

खरेदी करताना इंजेक्टरच्या अंगावरचा पार्ट नंबर जुळवा. ‘याच इंजिनाला बसतो’ एवढ्यावर भुलू नका. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन इंजेक्टरांचा मिनिटाचा प्रवाह वेगळा असू शकतो, छिद्रांची संख्या वेगळी असू शकते. दोन इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात फवाऱ्याला बहुधा दोन फाटे असतात आणि प्रत्येक फाटा आपापल्या व्हॉल्व्हवर पडावा लागतो. एकफाटी इंजेक्टर बसेल, गाडी चालेलही, पण नीट नाही. कपलरचा आकारही तपासा. जुन्या ईव्ही-१ घराण्याचा कपलर आणि पुढच्या ईव्ही-६ चा कपलर एकमेकांत बसत नाहीत.

ओ-रिंग नव्याच घ्या, जुना इंजेक्टर परत घालणार असाल तरीही. वरच्या आणि खालच्या रिंगचं माप, रंग किंवा रबर वेगळं असू शकतं. वरची पेट्रोलचा दाब अडवते, खालची मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरू देत नाही. हार्डवेअरच्या डब्यातली पाण्याच्या नळाची रिंग ‘बसतेय की’ म्हणून घालू नका. पेट्रोलमध्ये ती फुगते आणि फाटते.

जागा आणि हत्यारं

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. वर न जाता ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि तळघरात साचते. म्हणून हे काम उघड्यावर, सावलीत आणि इंजिन पूर्ण गार असताना करायचं. मी रात्रभर गार झालेल्या इंजिनावर सकाळी करतो. जवळपास गॅसचा बर्नर, गीझर, वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी-सिगारेट काहीही नको. उजेडाला एलईडीची टॉर्च. जुना तापणारा दिवा पेट्रोलच्या शिंतोड्याने फुटतो आणि तिथेच भडका उडतो. पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं हाताच्या अंतरावर ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही, ती पाण्यावर तरंगून पसरते.

हत्यारं फार नाहीत. ८, १० आणि १२ मिमीचे सॉकेट, लांब-आखूड एक्स्टेन्शन, लहान टॉर्क रेंच, नोज प्लायर, बारीक चपटा स्क्रू-ड्रायव्हर, वाकड्या टोकाचा हुक, फ्युएल लाइनचं क्विक कनेक्टर सोडवायचं प्लास्टिकचं हत्यार. डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. दोऱ्या न सुटणारी स्वच्छ फडकी, मास्किंग टेप, मार्कर, एक पसरट भांडं. हवा मारायला कॉम्प्रेसर असेल तर उत्तम, नसेल तर फुग्यासारखा हातपंप आणि मऊ ब्रश.

आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. बोल्टांचा टॉर्क आणि काय कोणत्या क्रमाने उतरवायचं, हे मी इथून सांगू शकत नाही.

दाब उतरवणं

इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये दाब कित्येक तास टिकू शकतो, म्हणून ही पायरी गाळायची नाही. फ्युजबॉक्सच्या झाकणावरच्या आकृतीत फ्युएल पंपाचा फ्युज किंवा रिले शोधा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा. इंजिन सुरू करा आणि ते चालू असताना पंपाचा फ्युज काढा. इंजिन दहा-वीस सेकंदांत अडखळून बंद पडेल. मग तीन-चार सेकंदांचा सेल्फ एकदोनदा मारा. काही गाड्यांत तो फ्युज ईसीयूशी सामाईक असतो आणि काढताक्षणी इंजिन बंद होतं, दाब मात्र तसाच राहतो. अशा गाडीत रिले काढा किंवा पंपाचा कपलर सोडवा.

गाडी सुरूच होत नसेल तर रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट व्हॉल्व्ह आहे का पाहा. त्यावर फडकं गुंडाळून हळूच दाबला की दाब निघतो. तोही नसेल तर फ्युज काढून ठेवा, लाइन सोडवताना जाड फडकं गुंडाळा आणि शिंतोडा येणारच असं धरून चाला.

चावी काढा आणि मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल. तो क्रम बदलू नका: आधी दाब, मग बॅटरी. बॅटरी आधी काढली तर सेल्फ कशावर मारणार? टर्मिनलवर फडकं गुंडाळून ते बाजूला बांधून ठेवा, चुकून टेकायला नको.

वरचा पसारा

एअर फिल्टरचा पाइप, प्लास्टिकचं कव्हर, काही इंजिनांत थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डचा वरचा अर्धा भाग काढल्याशिवाय रेल दिसतच नाही. मॅनिफोल्ड उघडावा लागणार असेल तर त्याची गॅस्केट आधीच आणून ठेवा. प्रत्येक गोष्ट सोडवण्याआधी फोटो. नळीला आणि ती जिथून निघाली त्या तोटीला टेपवर सारखाच आकडा. इंजेक्टरच्या कपलरना १ ते ४ क्रमांक द्याच, कारण ईसीयू प्रत्येकाला वेगळ्या वेळी आदेश देतो आणि वायर पुरत असेल तर दोघांची अदलाबदल सहज होते.

कपलरचं लॉक दाबून कपलर धरून ओढायचा, वायरला धरून नाही. जुन्या इंजिनावर हे प्लास्टिक उष्णतेने बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. तारेची क्लिप असलेले कपलर असतील तर क्लिप उडून कुठे जाईल याचा नेम नाही. एक बोट तिच्यावर ठेवूनच ती सोडवा.

आता स्वच्छता. रेल उचलण्याआधी इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली धूळ ब्रशने मोकळी करून हवेने उडवा. हे नंतर करून चालत नाही. इंजेक्टर निघाला की त्याचं भोक थेट इनटेक व्हॉल्व्हकडे उघडतं आणि कडेची वाळू आत पडते. मी या कामाला रेल काढण्यापेक्षा जास्त वेळ देतो.

लाइन आणि रेल

फ्युएल लाइनच्या सांध्याखाली भांडं, भोवती फडकं. क्विक कनेक्टरचे प्रकार दोन-चार आहेत: कुठे बाजूची बटणं दाबायची, कुठे आतल्या पाकळ्या उघडायला ते प्लास्टिकचं हत्यार सरकवायचं. आधी लाइन आत ढकला, मग लॉक सोडवा, मग ओढा. पक्कडीने पिरगाळलात तर नवी लाइन आणावी लागेल. थोडं पेट्रोल सांडेलच. ते लगेच पुसा आणि ओली फडकी उघड्यावर लांब वाळत घाला, गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. दोन्ही तोंडं स्वच्छ टेपने किंवा टोपीने बंद करा.

रेलचे बोल्ट सोडवा. बोल्टांखाली किंवा रेल आणि हेडच्या मध्ये प्लास्टिकचे छोटे स्पेसर असतात का ते पाहा. ते चिकटून वर येतात आणि हलकेच कुठेतरी गळून पडतात. ते परत न बसवता रेल आवळली तर ओ-रिंगा चुकीच्या खोलीवर बसतात.

रेल दोन्ही टोकांना धरून थोडी थोडी हलवत, सरळ वर उचला. एका बाजूने उचकटू नका. स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून टॉमीसारखा वापरायचा मोह आवरा. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड असेल तर तो तिथेच तडकतो. वर्षानुवर्षं बसलेल्या रिंगा चिकटलेल्या असतात. इंजेक्टरला डावी-उजवीकडे किंचित फिरवलं की त्या सुटतात. बहुतेक वेळा चारही इंजेक्टर रेलसोबत वर येतात, एखादा खाली मॅनिफोल्डमध्ये अडकून राहतो.

रेल बाजूला ठेवण्याआधी खालच्या रिंगा मोजा. इंजेक्टर चार, रिंगा तीन, तर चौथी भोकात बसलेली आहे. हुकने अलगद काढा. ती विसरून वर नवी रिंग घातली की दोन रिंगा एकमेकींवर बसतात आणि गळती ठरलेली. मोजून झालं की लगेच चारही भोकांत स्वच्छ फडकं कोंबा, आणि शेवटी तीही चार मोजूनच बाहेर काढायची.

नवे इंजेक्टर

इंजेक्टर रेलमध्ये घोड्याच्या नालासारख्या क्लिपने धरलेला असतो. क्लिप आडवी ओढा, इंजेक्टर फिरवत बाहेर काढा. क्लिप वाकली असेल तर नवी घ्या. रेलमधलं उरलेलं पेट्रोल भांड्यात ओता. भांड्यात गाळ किंवा गंजाचे कण दिसले तर थांबा: इंजेक्टरच्या डोक्यातली इवलीशी जाळी याच गाळाने भरली असणार, आणि फ्युएल फिल्टर न बदलता नवे इंजेक्टर बसवणं म्हणजे त्यांनाही त्याच वाटेला लावणं.

रेलमधल्या आणि मॅनिफोल्डमधल्या बसण्याच्या जागा फडक्याने पुसा. सँडपेपर नको, लोखंडी घासणी नको. तिथे एक ओरखडा उठला तरी रिंग तिथून पाझरते. कार्बन घट्ट असेल तर लाकडी काडी वापरा.

नव्या रिंगांना आणि फक्त रिंगांनाच स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने लावा. कोरडी रिंग आत जाताना दुमडते, कापली जाते. सिलिकॉनचा स्प्रे टाळा, त्याचा अंश जळून ऑक्सिजन सेन्सर खराब करतो. ऑइल इंजेक्टरच्या टोकावरच्या छिद्रांना लागू देऊ नका आणि त्या टोकाला बोटही लावू नका.

इंजेक्टर रेलमध्ये सरळ ढकला. फिरवत फिरवत, अंगठ्याच्या जोराने. ‘टक’ करून बसला की क्लिप दोन्ही खाचांत गेली का पाहा. कपलरचं तोंड मूळ दिशेला आलं पाहिजे. फोटो इथे कामी येतो. चारही बसले की भोकांतली फडकी काढा, मोजा, आणि रेल चारही भोकांवर एकाच वेळी टेकवा. दोन्ही हातांच्या तळव्यांनी सारखं दाबत खाली न्या. हातोडी तर नाहीच, पण बोल्ट आवळून रेल खाली ओढणंही नाही. हाताने बसत नसेल तर एखादी रिंग दुमडली आहे, वर उचलून पाहा.

बोल्ट बोटांनी लावा, आटे धरलेत याची खात्री करा. आता जी परीक्षा सांगतो ती मला फार उशिरा कळली: प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडा डावी-उजवीकडे फिरवून पाहा. क्लिपमध्ये जेवढी मोकळीक असेल तेवढा तो गुळगुळीत फिरला पाहिजे. एखादा अडत असेल तर त्याची रिंग चिमटली आहे. आत्ता काढलीत तर दहा मिनिटं जातील, नंतर काढलीत तर दाब उतरवण्यापासून सगळं परत.

मग टॉर्क. बोल्ट आळीपाळीने, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. एम-६ चा बोल्ट असेल तर हा आकडा बहुधा १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. ॲल्युमिनियममध्ये आटे गेले की मग इंजेक्टरचं दुखणं बरं वाटू लागतं.

फ्युएल लाइन ‘क्लिक’ आवाज येईपर्यंत ढकला आणि उलट ओढून पाहा, निघता कामा नये. कपलर आपापल्या क्रमांकावर. बाकीचा पसारा शक्य असेल तर अजून चढवू नका, रेल दिसायला हवी. मॅनिफोल्डचा वरचा भाग काढलेला असेल तर खालची तोंडं झाकून ठेवा.

सुरू करण्याआधी

इंजिनावर सांडलेलं पेट्रोल पुसा, वास जाईपर्यंत थांबा. पंपाचा फ्युज परत लावा, बॅटरीचं निगेटिव्ह जोडा. आता चावी फक्त ऑन करा, सेल्फ नको. पंप दोन-तीन सेकंद घरघरून थांबेल. चावी बंद, पुन्हा ऑन. असं चार-पाच वेळा केलं की रेल भरते आणि दाब चढतो. पंपाचा आवाजच येत नसेल तर आधी फ्युज पाहा, तो अजून तुमच्या खिशात असण्याचा संभव दांडगा आहे.

टॉर्च घेऊन प्रत्येक रिंगेभोवती आणि लाइनच्या सांध्यावर पाहा. पांढऱ्या टिश्यू पेपरची सुरळी सगळीकडून फिरवा. पेट्रोल झपाट्याने उडून जातं, म्हणून डोळ्यांना कोरडं दिसलेलं कागद ओलं दाखवतो. दहा मिनिटं थांबून पुन्हा फिरवा. ओल दिसली तर ‘थोडीशीच आहे, बसेल रिंग आपोआप’ असं म्हणू नका. ती बसत नाही. दाब उतरवा, रेल उचला, रिंग बदला.

इंजेक्टर गळका होता असं आधीच माहीत असेल तर सेल्फ मारण्यापूर्वी त्या सिलिंडरचा प्लग काढून आत पेट्रोल साचलेलं नाही हे पाहा. द्रव दाबला जात नाही. साचलेल्या पेट्रोलवर पिस्टन आदळला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता ना? मग ऑइल आणि ऑइल फिल्टर आत्ताच बदला, इंजिन सुरू करण्याआधी. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही.

कोरडं असेल तर उरलेला पसारा चढवा आणि सेल्फ मारा. पहिल्या वेळी थोडा लांब लागेल, सुरुवातीचे काही सेकंद इंजिन अडखळेल. आयडलिंगला ठेवून पुन्हा रेलवर कागद फिरवा. सूं असा आवाज येत असेल आणि आयडलिंग चढलेलं असेल तर खालची एखादी रिंग हवा ओढतेय. त्या जागी साध्या पाण्याचा अगदी हलका फवारा मारला की इंजिनाचा सूर बदलतो आणि जागा सापडते. यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर मारणारे आहेत. तापलेल्या इंजिनावर पेटणारा स्प्रे मला पटत नाही.

पुढचे काही दिवस

बॅटरी काढल्यामुळे ईसीयूने शिकलेलं बरंच पुसलं गेलेलं असू शकतं. काही गाड्यांत आयडलिंग, काचा आणि रेडिओचा कोड पुन्हा बसवावा लागतो. कोड पुसून गाडी शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर अशी दोन्हीकडे चालवा, मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय तो आकडा. गरम इंजिनावर तो शून्याच्या दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांच्या आत असेल तर छान, १० पर्यंत चालेल. अधिक १५ किंवा २० दाखवत असेल तर हवा कुठून तरी शिरतेय किंवा इंजेक्टर मापाने लहान आहेत. उणे २० असेल तर ते मापाने मोठे आहेत किंवा नवाच एखादा गळतोय. पार्ट नंबर पुन्हा जुळवा.

पहिल्या दोन-तीन सकाळी बॉनेट उघडून, इंजिन सुरू न करता, रेलजवळ नाक न्या. रात्रभर दाबाखाली राहिलेली रिंग पाझरत असेल तर वास तेव्हाच येतो. आठवड्याने डिपस्टिक पुन्हा हुंगा. काढलेल्या इंजेक्टरांपैकी चांगले असतील त्यांच्यावर सिलिंडरचा क्रमांक आणि ओहम लिहून, टोकाला टोपी लावून ठेवून द्या. पुढच्या मिसिंगच्या वेळी अदलाबदलीच्या परीक्षेला ते हाताशी असतात.